सांडलेला दाणा आणि लवकर संपणारं पोतं

प्रश्न : घरामागच्या नारळी-पोफळीच्या बागेत आमच्या ग्रामप्रिया जातीच्या १२ कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात. गवत, किडे, गांडुळं सगळं त्यांना मिळतं. तरीही अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्याचं ५० किलोचं पोतं २५ दिवसांत संपतं आणि भांड्याभोवती पिठाचा सडा पडलेला असतो. चरणाऱ्या कोंबड्यांना एवढं खाद्य लागतं का, की त्या नुसतंच उधळतात? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : आधी हिशेब मांडू. कोंडून ठेवलेली, बाहेरचा एक किडाही न मिळणारी अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. वरचा आकडा धरला तरी १२ कोंबड्यांचं २५ दिवसांचं खाणं ३६ किलो होतं. तुमच्या कोंबड्या तर बाहेर चरतात, म्हणजे त्यांना याहून कमीच लागायला हवं. तेव्हा पोत्यातलं निदान १४ किलो खाद्य कोंबडीच्या पोटात जातच नाही. तुमची शंका रास्त आहे.

पण दोष कोंबडीच्या उधळेपणाचा नाही. भांड्याजवळ बसून ती कशी खाते ते एकदा पाहा. चोच खाद्यात घालते, डावीकडे एक झटका, उजवीकडे एक झटका, मग एखादा मक्याचा तुकडा टिपते. तिला चवीची जाण फार थोडी. दाणा ती आकार पाहून आणि चोचीला लागेल तसा निवडते. चिवड्यातले शेंगदाणे आधी वेचणाऱ्या पोरासारखं तिचं चालतं. त्या झटक्यांनी बाहेर पडतं ते बारीक पीठ, आणि क्षार, जीवनसत्त्वं, चुनखडीची भुकटी असा खाद्यातला महागाचा भाग बराचसा त्या पिठातच असतो. त्यामुळे पैसे जातात आणि कोंबडीच्या पोटात निव्वळ मका राहतो.

‘सांडलं तरी नंतर टिपतीलच’ असं आपण धरून चालतो. अख्खा गहू किंवा ज्वारी टिपतात, हे खरं. मातीत मिसळलेलं पीठ मात्र कोंबडीला चोचीत धरताच येत नाही. कोकणातल्या पावसात तर ते संध्याकाळपर्यंत आंबतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा बुरशी धरलेला थर होतो.

उपाय भांड्यापासून सुरू करा, कारण सर्वांत जास्त नासाडी तिथेच होते. भांडं काठोकाठ भरू नका. एक-तृतीयांश भरलं की पुरे. खाद्याची पातळी काठाच्या बरीच खाली राहिली, तर चोचीचा झटका आतल्या भिंतीवर आदळतो आणि पीठ परत भांड्यात पडतं. भांडं जमिनीवर न ठेवता दोरीने टांगा आणि त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा. मग तिला मान वर करून खावं लागतं, पायाने उकरता येत नाही आणि आत विष्ठाही पडत नाही. पिल्लं आणि तलंगा असतील तर त्यांचं भांडं वेगळं, कमी उंचीवर हवं. एकाच भांड्यावर सगळ्यांची झुंबड उडाली की दांडग्या कोंबड्या बाकीच्यांना हुसकतात आणि त्या ढकलाढकलीत आणखी सांडतं. म्हणून दोन भांडी एकमेकांपासून लांब टांगलेली बरी.

खाद्य पिठासारखं असेल तर देताना त्यावर पाण्याचा हबका मारा. मुठीत वळलं पाहिजे, पण पाणी सुटता कामा नये. ओलसर पीठ दाण्याला चिकटतं आणि वेचून खाणं अवघड होतं. मात्र तासा-दीड तासात संपेल एवढंच भिजवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

आता वेळेबद्दल. बहुतेक घरी सकाळी खुराडं उघडलं की पहिलं काम भांडं भरण्याचं. दारातच पोट भरलं तर कोंबडी बागेत कशाला उकरत बसेल? माझ्या मते दिवसाच्या खाद्याचा चौथा हिस्सा सकाळी द्यावा आणि बाकीचं दिवस मावळायच्या तासभर आधी. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी भरून घेण्याची कोंबडीची सवयच असते. अंड्याचं कवचही बरंचसं रात्रीच तयार होतं, तेव्हा कॅल्शियमचं खाद्य संध्याकाळी पोटात गेलेलं चांगलं.

याचा अर्थ गवतावर भागतं, असा मात्र करून घेऊ नका. कोंबडीचं पोट गाईसारखं नाही. गवताचा चोथा तिला फारसा पचत नाही. हिरव्या पाल्याने बलक पिवळाधमक होतो, किड्यांतून प्रथिनं मिळतात, पण अंडी घालायला लागणारी ताकद मुख्यतः दाण्यातूनच येते. पावसाळ्यात बागेत किडे भरपूर, तेव्हा खाद्य थोडं कमी करता येतं. एप्रिल-मेच्या कोरड्या जमिनीत तिला काय मिळणार? तेव्हा कमी केलेलं खाद्य परत वाढवायलाच हवं.

एक चोर अजून राहिला. कोंबडीला अंधारात जवळपास दिसत नाही, रात्री ती खात नाही. एक दिवस संध्याकाळी उरलेलं खाद्य तराजूवर मोजा, तसंच ठेवा आणि पहाटे पुन्हा मोजा. जे कमी भरेल ते उंदरा-घुशींनी नेलं. एक मोठा उंदीर रात्रीत २०-३० ग्रॅम सहज खातो आणि त्याहून जास्त नासवतो. उंदरांमागे साप येतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. रात्री भांडी उचलून ठेवा आणि पोतं झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर ठेवा. ओल लागलेल्या मक्यात आणि शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशी धरते, तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत पोखरतं. १९६० साली इंग्लंडमध्ये अशा बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. तेव्हा वास आलेलं खाद्य ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून कोंबड्यांना घालू नका. इथे काटकसर महाग पडते.

खाद्य कमी करताना कोंबड्या उपाशी राहतील ही धाकधूक असते. त्यासाठी खुराड्यात शिरताना दोन-चार कोंबड्या हातात घ्या आणि छातीच्या वर, गळ्याखाली चाचपा. पिशवी लिंबाएवढी टम्म लागली तर पोट भरलं आहे. सपाट, ढिली लागली तर त्याच संध्याकाळी मूठभर वाढवा, आणि तीच कोंबडी रोज रिकामी सापडत असेल तर तिला भांड्यापर्यंत कोण पोहोचू देत नाही ते पाहा.