हिऱ्याचे चाक कसे निवडावे?

जगातील नामांकित हिऱ्यांत 'नस्साक' या नावाचा एक हिरा आहे. हे नाव म्हणजे आपल्या नाशिकचेच विलायती मुखातून झालेले रूपांतर होय. हा हिरा मूळचा त्र्यंबकेश्वराच्या देवालयातील, अशी परंपरा आहे. १८१८ साली पेशवाईच्या अखेरीस तो इंग्रजांच्या हाती लागून लंडनला गेला. त्या वेळी त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. तेथे त्यास नवे पैलू पाडले गेले. १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने पुन्हा पाडविले, आणि आता तो अवघा ४३.३८ कॅरट भरतो. निम्म्याहून अधिक हिरा गेला, तो हिऱ्याच्याच योगाने. हिऱ्याची पूड तेलात कालवून फिरत्या तबकडीवर लावावी व तिच्यावर हिरा धरावा, हीच पैलू पाडण्याची रीत. हिऱ्यास झिजवील असा दुसरा नैसर्गिक पदार्थ नाही.

ज्या त्र्यंबकच्या वाटेवर ते देवालय, त्याच वाटेवर सातपूर आहे. आणि सातपूर व अंबड येथील कारखान्यांत हिऱ्याची पूड आज रोज खपते. आपली कित्येक मुले पुढे सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत व तेथून कारखान्यात जातात. तेथे प्रथम हाती येणाऱ्या मौल्यवान वस्तूंपैकी हिऱ्याचे चाक ही एक. ते अजाण हाताने एका दुपारीच वाया जाऊ शकते. म्हणून त्याची थोडी ओळख आताच करून घेतलेली बरी.

लेथवर पोलाद कापणाऱ्या हत्याराच्या टोकास कार्बाइडचा लहानसा तुकडा पितळेच्या झाळाने बसविलेला असतो. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयोगाची भुकटी कोबाल्टमध्ये मिसळून, दाबून व भाजून हा पदार्थ तयार करतात. कार्ल श्रॉटर या जर्मन शोधकाने १९२३ साली त्याचे पेटंट मागितले आणि क्रुप कंपनीने तो 'विडिया' या नावाने बाजारात आणला. 'हिऱ्यासारखा' अशा अर्थाच्या दोन जर्मन शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते नाव झाले. आपले कारागीर आजही कार्बाइडच्या कोणत्याही टोकास 'विडिया'च म्हणतात. आपण जर्मन बोलत आहो याची त्यांस कल्पनाही नसते!

आता या विडियास धार कशाने लावावी? पोलादासाठी वापरतात ते अॅल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे अथवा करडे चाक येथे निरुपयोगी ठरते. विडिया त्याच्या कणांनाच बोथट करतो आणि स्वतः तापून तडकतो. सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे चाक काम करते, पण धार खडबडीत येते आणि चाक लवकर झिजते. टोक बरेच तुटले असेल तर पहिली ओबडधोबड दुरुस्ती हिरव्या चाकावर करावी. तेवढ्यासाठी हिरा झिजविणे म्हणजे उधळपट्टी होय. शेवटची धार मात्र हिऱ्याने.

बहुतेक नवशिके समजतात की, चाकात हिरा आहे एवढे पुरे. वस्तुतः खरी निवड हिऱ्याची नसून, त्याचे कण धरून ठेवणाऱ्या बंधाची असते. कण बोथट झाला की बंधाने त्यास सोडून द्यावे व आतील नव्या तीक्ष्ण कणास वर येऊ द्यावे. चाक कापते ते यामुळे. बंध फार घट्ट असेल तर बोथट कण तेथेच घासत राहतात व उष्णता वाढते. फार सैल असेल तर चांगले कणही गळून पडतात. धातूचा बंध घट्ट. तो काच व दगड यांच्या कामी येतो. निकेलच्या मुलाम्याने बसविलेल्या चाकात कणांचा एकच थर असतो, तो संपला की चाक संपले. विडियाच्या हत्यारांसाठी राळेचा, म्हणजे रेझिनचा बंध उत्तम. तो बेताने झिजतो, म्हणूनच थंड कापतो. 'हे चाक झिजते, ते झिजत नाही' एवढ्यावरून किंमत ठरविणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

चाकावर 'डी १५० आर ७५ बी' अशा तऱ्हेची खूण असते. 'डी' म्हणजे हिरा, १५० ही कणांची बारीकी, 'आर' हा चाकाचा कठीणपणा, ७५ हे हिऱ्याचे प्रमाण आणि 'बी' म्हणजे राळेचा बंध. प्रमाण १०० म्हणजे दर घन सेंटिमीटरात ४.४ कॅरट हिरा. ७५ म्हणजे ३.३ कॅरट. आता एक हिशेब करा. वाटीच्या आकाराचे चाक, बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर, काठाची रुंदी १०, हिऱ्याच्या थराची जाडी ३. थराचे घनफळ सुमारे ८.५ घन सेंटिमीटर येते, आणि ७५ प्रमाणाने त्यात २८ कॅरट हिरा भरतो, म्हणजे आजच्या नस्साकच्या जवळजवळ दोनतृतीयांश! त्याची किंमत नस्साकसारखी नाही, याचे कारण डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत घडले. प्रचंड दाब व उष्णता यांच्या योगाने तेथे कार्बनचा हिरा बनविण्यात आला. चाकातील हिरा बहुधा असा कारखान्यातलाच असतो.

बारीकीचा अंक जितका मोठा तितका कण लहान. १०० ते १२० चे चाक भराभर कापते, पण धारेवर सूक्ष्म दाते ठेवते, आणि विडिया ठिसूळ असल्यामुळे त्या दात्यांपासूनच धार तुटू लागते. ३२० वा ४०० चे चाक गुळगुळीत धार देते, परंतु सावकाश. लहान कारखान्यास एकच चाक घेणे शक्य असेल तर, माझ्या मते, १५० ते १८० चे, राळेचे, ७५ प्रमाणाचे वाटीचाक घ्यावे. वाटीचा काठ हत्यारास रुंद टेकतो, तेथे याहून अधिक हिऱ्याने फायदा थोडा व उष्णता अधिक.

हिऱ्याचा एक शत्रू आहे, तो म्हणजे लोखंड. हिरा हा शुद्ध कार्बन होय, हे स्मिथसन टेनंट याने १७९७ साली दाखविले. आणि तापलेले लोखंड कार्बनला आपल्यात विरघळवून घेते. शिवाय मऊ पोलादाने चाकाचा पृष्ठभाग भरून जातो. म्हणून विडियाखालील पोलादी दांडा आधी साध्या चाकावर थोडा अधिक कोनाने घासून घ्यावा, म्हणजे हिऱ्यास केवळ विडियाच लागेल. हायस्पीड पोलादाच्या हत्यारास बोरॉन नायट्राइडचे चाक वा साधे पांढरे चाक योग्य. ज्या पालकांच्या द्राक्षबागा आहेत त्यांनीही छाटणीची कात्री वेगाने फिरणाऱ्या हिऱ्याच्या चाकावर देऊ नये. तिला पथरीच बरी.

वेगाचाही विचार हवा. १५० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटास २८०० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदास २२ मीटर होतो. राळेच्या चाकास हा मानवतो. तथापि चाकावर छापलेली मर्यादा कधीही ओलांडू नये. चाक धारेकडून दांड्याकडे फिरावे, म्हणजे तुकडा दांड्यावर दाबला जातो. पाणी सोडावयाचे तर अखंड सोडावे, नाही तर मुळीच नको; तापलेले टोक पाण्यात बुडविले की त्यास चिरा पडतात. चाक चकचकीत दिसू लागले तर ते कण झाकले गेल्याचे लक्षण समजावे व अॅल्युमिनियम ऑक्साइडची कांडी हलकेच लावून ते उघडावे. आणि कोरडे घासताना उडणारी ती करडी धूळ श्वासात जाऊ देऊ नये. तिच्यातील कोबाल्टमुळे फुप्फुसांचा एक गंभीर विकार होतो, तो वर्षानुवर्षे नकळत वाढतो. चष्मा सगळेच लावतात. धूळ ओढून घेणारा पंखा यंत्राजवळ आहे की नाही, हे मुलगा कामास लागताच पालकांनी स्वतः विचारून घ्यावे.