आधी गाडी, मग घर

पोरा, तू जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतलीस, मागच्या सीटा काढून पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवलीस, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. २०२१ साली सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे वारं वाढलंय म्हणतात. आमच्या सोमेश्वरनगराला मात्र चाकावरचं घर नवं नाही. सासवडहून सोपानकाकांची पालखी इथून पंढरपूरला जाते, तेव्हा दिंड्यांमागं ट्रक असतात. तंबू, शेगड्या, पिठाची पोती, वळकट्या, सगळा संसार त्यात. मी उमेदीत उसाचा ट्रक चालवला आणि चार वाऱ्या दिंडीचा. गाडी पळवायला कुणालाही येते रे. कुठं थांबायचं, कसं थांबायचं, हे शिकायला मला वीस वर्षं लागली. ते तुला फुकट देतो.

पाणी म्हणजे वजन. एक लिटर म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी भरलीस की साखरेची पन्नास किलोंची चार पोती गाडीत घातलीस. भाच्यानं पुण्याहून अशीच गाडी आणली होती. बांधणाऱ्यानं टाकी बसवली थेट मागच्या चाकांच्याही मागं. जेजुरी करून नीरेवरून घरी येत होतो, दुसऱ्या दिवशी पुढं नीरा-नरसिंहपूरला जायचं होतं. निंबुतच्या पुढं मागून ‘कट्’ असा आवाज आला आणि गाडी एका अंगाला कलली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचं मुख्य पान तुटलेलं. रस्ता खराब नव्हता, भार चुकीच्या जागी होता. टाकी दोन चाकांच्या मध्ये घे आणि निम्मीच भर. पाणी वाटेत मिळतं. आणि हो, केलेले बदल आरटीओकडून मंजूर करून आरसीवर चढव, विमा कंपनीलाही कळव. नाहीतर अपघाताच्या दिवशी कागद आडवा येतो.

बंद पडायचंच असेल, तर कारखान्याजवळ पडावं. हसू नकोस. साखर कारखान्याच्या आसपास ट्रक, ट्रॅक्टर, ट्रॉल्या, सगळं अवजड वाहन फिरतं. म्हणून तिथं पाटेवाला, वेल्डिंगवाला, लेथवाला, पंक्चरवाला सगळे भेटतात. हंगामात रात्री बारालाही कुणीतरी जागं असतं. निघण्याआधी नकाशावर देवळं शोधशील, तसे वाटेवरचे कारखानेही बघून ठेव. फक्त हंगामात तुझा नंबर उसाच्या गाड्यांनंतर लागेल, हे धरून चाल. त्यांची खेप अडली की ऊसतोड टोळीचं पोट अडतं. तिथं घाई करायची नाही.

मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहू नकोस. पण तीन गोष्टी आधी बोलून घे: खर्च किती, सामान कुठून येणार, जुना भाग परत मिळणार ना. तुटलेलं पान वेल्डिंग करून देतो म्हणाला, तर नको म्हण. पाट्याचं पोलाद तापलं की ठिसूळ होतं, दहा मैलांवर पुन्हा तुटतं. नवं पान घाल. यू-बोल्ट आवळल्यावर शंभरेक किलोमीटर चालव आणि परत आवळून घे. हे बहुतेक जण विसरतात. ‘तासाभरात होतंय’ म्हणाला तर अर्धा दिवस धर. ‘संध्याकाळी’ म्हणाला तर मुक्काम धर.

एक माणूस गाडीपाशी, बाकीचे फिरायला. आमचं पान बारामतीहून यायचं होतं. भाचा थांबला, मी तुझ्या काकूला आणि पोरांना घेऊन वडापनं करंज्याला गेलो. सोमेश्वराचं देऊळ तिथं आहे. सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याला आणि आमच्या वसाहतीला नाव त्या देवाचं. श्रावणात गेलास तर गर्दीत उभं राहण्याची तयारी ठेव, एरवी मंडपात निवांत बसता येतं. मोठा मुक्काम पडला तर मोरगाव कर. कऱ्हेकाठचा मयूरेश्वर, अष्टविनायकातला पहिला. देवळाला चार कोपऱ्यांवर मिनार आहेत आणि गणपतीसमोर नंदी बसलाय. पोरांना आधी काही सांगू नकोस, वेगळं काय दिसतंय ते त्यांनाच शोधू दे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना थांबणं झेपत नसेल, तर नीरेचं स्टेशन पुणे-मिरज मार्गावर आहे, त्यांना गाडीत बसवून दे.

गाडी मुरमावर लाव. ही गोष्ट बाहेरच्याला कुणी सांगत नाही. आमच्या भागातून नीरा डावा कालवा जातो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी काढलेला. कालवा आणि नदी यांच्या मधली जमीन भिजते, तिथं ऊस उभा राहतो, माती काळी. कालव्याच्या वरच्या अंगाला, मोरगाव-सुप्याकडं, जिरायत आणि मुरमाड माळ. काळी माती कोरडी असताना दगडासारखी दिसते. रात्री एक सर आली किंवा शेजारच्या रानातलं पाटपाणी फुटलं की सकाळी चाक अर्धं आत. मग ट्रॅक्टर शोध. माझ्या ट्रकला मी दोनदा ओढून काढलंय, दोन्ही वेळा ‘इथं तर कोरडं आहे’ म्हणूनच लावला होता. मुक्कामाला माळ शोध, मालकाला विचार आणि गाडीचं तोंड रस्त्याकडं करून ठेव. फक्त सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य म्हणजे मोकळा माळ समजू नकोस. ती चिंकारांची जागा आहे. दिवसा बघ, गाडी बाहेर लाव.

हंगामात अंधार पडायच्या आत थांब. दिवाळीच्या सुमारास गळीत सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि उसानं भरलेल्या बैलगाड्या रस्त्यावर येतात. मागं दिवा असेलच असं नाही. ट्रॉलीबाहेर उसाची टोकं लोंबत असतात, त्यात लाल कपडा असला तरी रात्री दिसत नाही. आणि गाडीची उंची फूट-इंचात लिहून काचेपुढं चिकटव. टपावर पंखा किंवा सोलर बसवलास, की वडाच्या फांद्या आणि शेतातल्या लोंबत्या तारा तुझ्याच वाटेवर असतात.

जे आधी लागतं ते शेवटी भर. दिंडीच्या ट्रकात तंबू सगळ्यात शेवटी चढतो, कारण मुक्कामाला तोच पहिला उतरतो. तुझ्या गाडीत जॅक, टॉमी, स्टेपनी, टॉर्च आणि पाण्याचा कॅन पलंगाखाली गाडलास तर पावसात गादी उचलत बसशील. चालत्या गाडीत सिलिंडर उभाच बांधलेला हवा आणि रेग्युलेटर बंद. चहाची तल्लफ आली तर थांब, उतर, मग पेटव.

ठिकाण ऋतू बघून धर. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायचे असतील तर थंडीत जा, कुंभारगावला होड्या मिळतात. पळसदेवचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात गेलंय, ते उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर डोकं काढतं. नरसिंहपूरला नीरा आणि भीमा मिळतात. घाटावर पहाटे बस. आमचं नरसिंहपूर त्या खेपेला तिसऱ्या दिवशी झालं. काकू अजून म्हणते, पान तुटलं म्हणून करंजं निवांत झालं.

कालव्यात काही सोडू नकोस. ना भांड्यांचं पाणी, ना साबण. उसाला जातं ते पाणी पुढं गावांच्या पिण्याच्या तळ्यातही जातं. खरकटं पाणी डब्यात साठव, मालकाला विचारून झाडाच्या बुंध्याशी ओत. संडासाची टाकी तर फक्त योग्य ठिकाणीच रिकामी कर.

शेवटचं. मुक्काम हलवताना गाडी दहा पावलं पुढं घे, उतर आणि उठलेल्या जागेकडं वळून बघ. तेलाचा डाग दिसला तर पुढचं गॅरेज गाठ. कचरा दिसला तर उचल. दोन्ही नसलं, की मग गियर टाक.