डोंगरउतारावरील द्विदल वैरण : कोणती जात कोठे पेरावी?

ज्या घरी एकच म्हैस आहे त्या घरी वैशाखातील वैरण हा किरकोळ प्रश्न नव्हे. कोल्हापूर जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांस दुधाच्या पैशाचा आधार झाला आहे. परंतु हिरवी वैरण आटली की दूधही आटते. म्हणून शिरोळकडचा लसूणघास पाहून त्याचेच बी डोंगरात न्यावे असे कोणासही वाटेल. तसे करण्यापूर्वी आपण भूमीचा विचार करू.

१. भूमी. जिल्हा एक असला तरी भूमी एक नाही. गगनबावड्यास वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. शिरोळास त्याचा दहावा हिस्साही जेमतेम मिळतो. घाटाकडील जांभ्याच्या तांबड्या मातीतील चुना पावसाने धुपून जातो व ती आम्लधर्मी होते. नदीकाठची काळी जमीन मात्र चुनखडीयुक्त असते.

२. लसूणघास. हा खोल, निचऱ्याच्या, चुनायुक्त जमिनीचा व बागायतीचा रहिवासी होय. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जंतू राहून हवेतील नत्र पिकास देतात. परंतु लसूणघासाचे जंतू आम्ल मातीत टिकत नाहीत, आणि पाणी साचले की मुळे कुजतात. योग्य जमिनीत मात्र पहिली कापणी सुमारे ५० ते ५५ दिवसांनी व पुढील दर २५ ते ३० दिवसांनी मिळते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘आर. एल. ८८’ ही जात बहुवर्षायू आहे.

३. स्टायलो. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे द्विदल हलक्या, आम्ल जमिनीतही तग धरते. त्यातही भेद आहे: ‘हमाटा’ कमी पावसाच्या माळास मानवते; ‘गियानेन्सिस’ भरपूर पावसाच्या उतारास मानवते, परंतु तिला करपा लवकर लागतो. आरंभी स्टायलो मंद वाढते, म्हणून पहिल्या वर्षी तण काढलेच पाहिजे. तिच्यातील प्रथिने लसूणघासापेक्षा कमी असतात. तथापि जेथे लसूणघास जगतच नाही तेथे त्याच्या प्रथिनांचा काय उपयोग?

४. पारख. बियाण्यावर दुधाचा पैसा घालण्यापूर्वी एकेक गुंठ्याचे दोन वाफे शेजारी शेजारी करावे. एकात पाव किलो लसूणघास, दुसऱ्यात १०० ग्रॅम स्टायलो पेरावी. स्टायलोचे बी कठीण कवचाचे असल्यामुळे ते ८० अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात ४ मिनिटे ठेवून मग पेरावे. खत दोहोंस सारखेच द्यावे. प्रत्येक कापणीचे वजन व तारीख वहीत टिपावी. एक पावसाळा व एक उन्हाळा गेल्याशिवाय निर्णय करू नये. कारण श्रावणात हिरवे दिसणारे सर्वच काही चैत्रात उरत नाही.

५. सावधगिरी. कोवळा ओला लसूणघास एकटाच पोटभर घातल्यास जनावराचे पोट फुगून ते दगावू शकते. तो कडबा किंवा भाताचे पिंजर यांत मिसळूनच घालावा.

सारांश, शेजाऱ्याच्या शेतात नावाजलेली जात उत्तम नव्हे. आपल्या मातीत उन्हाळा काढील ती उत्तम.

विचारण्याचे प्रश्न : (१) जांभ्याच्या मातीत लसूणघास का टिकत नाही? (२) दोन्ही वाफ्यांस खत सारखेच का द्यावे? (३) आपल्या गावच्या माळास कोणती स्टायलो योग्य, व का?