मागच्या डिफरेन्शियलला ऑइल कोणतं?

इंजिन ऑइल या विषयावर आपण सगळेच कँटीनमध्ये तासन्‌तास बोलू शकतो. पण रिअर व्हील ड्राइव्ह गाडीच्या मागच्या बाजूला, दोन चाकांच्या मधोमध जो डिफरेन्शियलचा डबा असतो, त्यातल्या लिटरभर तेलाची आठवण सहसा कोणाला येत नाही. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "नव्वद नंबर टाका." रोजच्या जीप-टेम्पोला ते बहुधा चालूनही जातं. पण ट्रॅकवर पळवायच्या गाडीला एवढ्या उत्तरावर भागत नाही, कारण तेल चुकलं तर किंमत क्राऊन-पिनियनला मोजावी लागते. म्हणून हा छोटासा अभ्यास.

दात नुसते फिरत नाहीत, घासतातही

पॅकार्ड कंपनीने १९२६ साली आपल्या मोटारीत हायपॉइड गिअर आणले. यात पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापासून खाली सरकवलेला असतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली बसतो, पिनियन जाड करता येतो आणि आवाज कमी होतो. पण फुकट काहीच मिळत नाही! अक्ष सरकवल्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घासतात. दाब प्रचंड आणि त्यात घासणं, म्हणजे तेलाचा थर फाटण्याची पूर्ण सोय.

थर फाटला की धातूला धातू भिडू नये, यासाठी तेलात ईपी, म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर ॲडिटिव्ह असतात. त्यातले गंधक आणि फॉस्फरस गरम झालेल्या दाताच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया करून एक पातळ थर तयार करतात. झिजायचं असेल तर हा थर झिजतो, दात वाचतो.

एपीआयच्या वर्गवारीतले जीएल-४ आणि जीएल-५ हे यावरूनच आले. जीएल-५ मध्ये ईपी ॲडिटिव्हचं प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं. हायपॉइड डिफरेन्शियलला जीएल-५ च लागतं. मग पाच चारपेक्षा मोठा म्हणून तेच गिअरबॉक्समध्येही ओतावं का? नाही. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझर रिंग बऱ्याचदा पितळेच्या असतात, आणि काही जीएल-५ तेलांतलं गंधक गरम असताना पितळेला खातं. मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्ससाठी जीएल-४ लिहिलं असेल तर तेच वापरायचं.

नव्वद म्हणजे नेमके किती?

एसएईच्या जे-३०६ या मानकानुसार ९० ग्रेडच्या तेलाची व्हिस्कॉसिटी १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स असते, ११० ची १८.५ ते २४ आणि १४० ची २४ ते ३२.५. ११० आणि १९० हे ग्रेड २००५ साली नव्याने आले. त्याआधी ९० ची मर्यादा थेट २४ पर्यंत होती. गंमत म्हणजे इंजिन ऑइलचा ४० ग्रेड १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेड १६.३ ते २१.९ मध्ये बसतो. म्हणजे ९० चं गिअर ऑइल हे ४० च्या इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट घट्ट नसतं, फक्त मोजपट्टी वेगळी आहे.

'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांना आणि ८०डब्ल्यू उणे २६ अंशांना ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट होता कामा नये. आता पुण्या-नाशिकच्या थंडीत याची काय गरज? थंडीसाठी नाहीच! पण ७५डब्ल्यू-९० हे बहुधा सिंथेटिक बेसवर बनवतात, आणि सिंथेटिक तेल गरमीत लवकर सडत नाही. आपण ते घेतो ते उष्णतेसाठी.

थोडं गणित

समजा १०० किलोवॅट शक्ती डिफरेन्शियलमधून जाते आहे आणि कार्यक्षमता ९७ टक्के आहे. उरलेले ३ किलोवॅट उष्णता होतात. म्हणजे घरचा ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर त्या डब्यात चालू ठेवल्यासारखं! डब्यासकट धातू २० किलो धरला (विशिष्ट उष्णता ०.५) आणि तेल एक लिटर (सुमारे ०.८७ किलो, विशिष्ट उष्णता २), तर एक अंश तापमान वाढायला साधारण ११.७ किलोज्यूल लागतात. ३ किलोवॅटने मिनिटाला १८० किलोज्यूल येतात, म्हणजे वारा लागून होणारं थंडावणं सोडलं तर मिनिटाला १५ अंश! रस्त्यावर पूर्ण शक्ती काही सेकंदच लागते म्हणून निभावतं. ट्रॅकवर वीस मिनिटं दामटली की गोष्ट वेगळी.

मग सरळ १४० टाकू या?

थांबा. दातांमधल्या थराची जाडी व्हिस्कॉसिटीच्या साधारण ०.७ व्या घाताने वाढते. तेल दुप्पट घट्ट केलं तरी थर सव्वासहा आण्यांनी नव्हे, पण दुप्पटही नव्हे, साधारण १.६ पट होतो. शिवाय घट्ट तेल घुसळायला जास्त शक्ती लागते, त्या शक्तीचीही उष्णता होते, तेल तापून पातळ होतं आणि मिळवलेल्यातलं थोडं परत जातं. म्हणून रोजच्या वापराला ९०, आणि तेलाचं तापमान वारंवार १२० अंशांपुढे जात असेल तरच ११० किंवा १४० चा विचार. तोही गाडी बनवणाऱ्याची परवानगी बघून.

एलएसडी कोणती, हा खरा प्रश्न

माझदा एमएक्स-५ चं उदाहरण घ्या. १९८९ साली आलेल्या १.६ लिटरच्या गाडीत एलएसडी असलीच तर व्हिस्कस प्रकारची, पुढे १.८ लिटरमध्ये टॉर्सन आली. व्हिस्कसमधला सिलिकॉन द्रव सीलबंद असतो, बाहेरच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. टॉर्सनमध्ये गिअरच्या घर्षणावरच काम चालतं. दोन्हीला साधं चांगलं जीएल-५ पुरतं. माझदाने उणे १८ अंशांच्या वर सरळ ९० सांगितलं होतं. टॉर्सनमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर ओतलात तर ज्या घर्षणावर ती चालते तेच कमी कराल.

क्लच प्लेटवाली एलएसडी मात्र वेगळी. वळताना प्लेट्स एकमेकींवर हळू सरकतात. स्थिर घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असेल तर त्या चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. गंजलेल्या बिजागरीचं दार करकरतं ना, तसंच. यावर उपाय फ्रिक्शन मॉडिफायर. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ एम-३ ला म्हणूनच असा मॉडिफायर असलेलं ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक तेल लागतं. मॉडिफायर जास्त झाला तर आवाज जातो, पण लॉकिंगही ढिलं पडतं.

आपल्या सुप्रा किंवा फॉर्म्युला भारतच्या टीमने इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाइकचं इंजिन आणि चेन ड्राइव्ह असेल तर गाडीत हायपॉइड जोडीच नसते. तिथे तेल ठरतं ते एलएसडीच्या आतल्या रचनेवरून, आणि बनवणाऱ्याच्या सूचनेवरून.

तेल बदलताना

१. आधी वरचा फिलर प्लग उघडा, मग खालचा ड्रेन प्लग. फिलर अडकला आणि तेल काढून बसलात तर गाडी जागेवरच राहील.
२. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणं स्वाभाविक आहे. कपचे किंवा दाताचे तुकडे दिसले तर डबा उघडा.
३. गाडी समपातळीवर ठेवून तेल फिलरच्या काठापर्यंत भरा. जास्त भरलं तर घुसळण वाढते आणि ब्रीदरमधून तेल बाहेर येतं.
४. नवीन क्राऊन-पिनियन बसवलं असेल तर सुरुवातीला सौम्य चालवा आणि पहिलं तेल साधारण ८०० किलोमीटरला बदला.

थोडक्यात क्रम असा: आधी गिअरचा प्रकार, मग एलएसडीचा प्रकार, मग तापमान आणि सगळ्यात शेवटी डब्यावरचा ब्रँड. आपल्यापैकी बरेच जण नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात. तेव्हा पुढच्या वेळी कोणी "नव्वद नंबर टाका" म्हणालं, तर एवढंच विचारा, "जीएल किती, आणि आत एलएसडी कुठली?"