पर्शियन मांजरीसोबत राहताना

१. आधी नाक बघा, रंग मागाहून. विकणारे ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ अशी नावं घेतात आणि चेहरा जितका चपटा तितकी किंमत चढवतात. नाक डोळ्यांच्या रेषेत दाबलं गेलं की अश्रुवाहिनी मुडपते, डोळे सारखे पाझरतात, श्वासाला घरघर लागते, आखूड जबड्यात दात वेडेवाकडे येतात. १८७१ साली हॅरिसन वेअर यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं, त्या काळच्या पर्शियनना नीट नाक होतं. पुढच्या पैदासकारांनी पिढ्यानपिढ्या निवडून ते घालवलं. याचा मला राग येतो. माझ्या मांजरीला, सायलीला, घरी आणताना तिच्या नाकपुड्या मोकळ्या आहेत ना, एवढं मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

२. ‘प्युअर इराणी’ या शब्दांवर जास्त पैसे मोजू नका. प्येत्रो देल्ला वाल्ले या रोमच्या प्रवाशाने १६२० मध्ये खोरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरांबद्दल इराणहून लिहिलं होतं.  पण आजच्या पर्शियनची जनुकं तपासली तेव्हा ती पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळची निघाली.

३. ती गप्प आहे म्हणजे बरी आहे, असं धरून चालू नका. पर्शियन पडद्यावर चढत नाही, ओरडून घर डोक्यावर घेत नाही. पाहुणे आले की लांब बसून त्यांना न्याहाळते आणि मनात आलं तरच जवळ जाते. हा सौम्यपणा मला फार प्रिय आहे. पण दुखणंही ती तशीच गुपचूप सोसते. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. आईबापांपैकी एकाला असला तरी प्रत्येक पिल्लाला तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणून पिल्लू ठरवण्याआधी आईबापांच्या जनुकचाचणीचा कागद मागा. घरी पाणी एकाएकी जास्त पिऊ लागली, वजन उतरलं, तर डॉक्टरांकडे न्यायला उद्याची वाट पाहू नका.

४. कंगवा रोज. काखेत, कानांमागे, मांड्यांच्या आत आधी जटा धरतात. जट कात्रीने कापू नका, खालची कातडी फार पातळ असते. बोटांनी सोडवा, नाहीच सुटली तर मशीनने काढून घ्या.

५. एप्रिल-मे महिन्यांत तिला दुपारी गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नका. चपट्या नाकाच्या मांजरीला धापा टाकूनही अंगातली उष्णता पुरेशी बाहेर टाकता येत नाही. गार फरशी, पंखा, दोन-तीन ठिकाणी पाणी. तोंड उघडं ठेवून धापा टाकताना दिसली, तर ओल्या फडक्याने अंग पुसत थेट दवाखाना गाठा.