कंद आणि कंद

आपल्या घरांत मराठी आता बहुधा जेवणाच्या ताटापुरतीच उरली आहे. म्हणून ताटातलाच एक शब्द घेऊ. 'कंद' हा संस्कृत शब्द. अर्थ, जमिनीत फुगून अन्न साठवणारे खोड. सुरण, अळकुड्या, बटाटा, आले ही खोडेच होत, मुळे नव्हेत. बटाट्याचे डोळे पाहा. कोंब तेथूनच फुटतात. रताळे मात्र मूळ आहे, तरी लोक त्यालाही कंद म्हणतात. म्हणोत बापडे!

कंदापासूनच 'कांदा' झाला. त्याचे खोड म्हणजे बुडाची पातळ चकती. आपण खातो ती पाने. माळी निशिगंधाचेही 'कांदे'च लावतो. हिब्रूतही तसेच आहे. मिसरातल्या ज्या जिनसांसाठी आपले पूर्वज हळहळले (बमिदबार 11:5), त्यांतला 'बत्सल' म्हणजे कांदा. आणि ट्यूलिपचा कंदही 'बत्सल'च.

गुलकंदातला कंद मात्र निराळा. तो फारसी, अर्थ साखर. गुल म्हणजे गुलाब. हा कंदही मुळात संस्कृत 'खंड' शब्दावरून तिकडे गेला, असे बहुतेक कोशकार मानतात. अरबांकडून तो युरोपात पोहोचला आणि इंग्रजीत त्याची 'कँडी' झाली. कलाकंदातलाही हाच.