पश्चात्ताप हवा, खंत नको



आजच्या शुभवर्तमानात (योहान २१:१-१९) पुनरुत्थित प्रभू सरोवराच्या काठी शिष्यांची वाट पाहत आहे. कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. 'कोळशांचा विस्तव' ह्या अर्थाचा जो ग्रीक शब्द येथे आला आहे, तो संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी सापडतो. एक येथे, आणि दुसरा प्रमुख याजकाच्या अंगणात (योहान १८:१८). त्या रात्री अशाच विस्तवाजवळ शेकत उभे राहून पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारले होते.

आता प्रभू पेत्राला पुन्हा तशाच विस्तवाजवळ बसवतो. पण आधी न्याहारी देतो. मग तीन नकारांच्या जागी तीन वेळा एकच प्रश्न विचारतो, तोही प्रीतीचा. 'तू असे का केलेस?' हा प्रश्न तो एकदाही विचारत नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर पेत्राला मेंढरे सांभाळण्याचे काम देतो. आपल्या जुन्या चुकांचे ओझे घेऊन जगणाऱ्या प्रत्येकाने हा उतारा सावकाश वाचावा.

१. दोन शिष्य, दोन वाटा

यहूदा इस्कार्योतालाही वाईट वाटले होते, हे आपण विसरतो. संत मत्तय सांगतो (२७:३-५), की त्याने तीस नाणी परत नेली आणि आपण पाप केल्याचे तोंडाने कबूलही केले. पेत्राने तर त्या रात्री केवळ रडण्यापलीकडे काहीच केले नाही. मग फरक कुठे पडला?

यहूदा ज्यांच्याकडे गेला, त्यांना त्याचे काही सोयरसुतक नव्हते. तेथून तो एकटाच निघाला आणि त्याने आपला जीव घेतला. पेत्र मात्र इतर शिष्यांबरोबर राहिला. लाज वाटत असतानाही राहिला. म्हणूनच प्रभू काठावर दिसताच त्याने पाण्यात उडी टाकली आणि तो प्रभूकडे गेला.

खंत आणि पश्चात्ताप ह्यांतला फरक हाच आहे. खंत स्वतःभोवती फिरत राहते: मी असा कसा वागलो, लोक मला काय म्हणतील, मी किती वाईट. पश्चात्ताप मात्र तोंड फिरवतो, देवाकडे आणि ज्याला दुखावले त्याच्याकडे. संत पौलही करिंथकरांस हेच लिहितो (२ करिंथ ७:१०): एक दुःख तारणाकडे नेते, दुसरे मरणाकडे.

२. झालेले बदलत नाही

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला एक प्रश्न शिकवला गेला: देव सर्वसमर्थ आहे, तर घडून गेलेली गोष्ट तो न घडलेली करू शकेल का? तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस उत्तर देतो, नाही. जे घडले ते घडलेच. मात्र त्या कृत्याने आत्म्यावर उमटलेला डाग देव पुसू शकतो.

तेव्हा हे उत्तर आम्हाला कोरडे वाटले होते. आज त्यात मोठा दिलासा दिसतो. रात्ररात्र जागून 'तसे केले नसते तर' असे आपण घोळवत बसतो, तेव्हा देवही जे करत नाही ते करू पाहतो. आपल्या वाट्याला आलेले काम वेगळे आहे. क्षमा मागायची, ती स्वीकारायची आणि नुकसान भरून काढायचे.

३. आमचाच एक अनुभव

पापनिवेदनात कानांवर पडलेले धर्मगुरू कधीच उघड करीत नाही. म्हणून येथे आमचीच गोष्ट सांगतो.

गुरुदीक्षेनंतर थोड्याच दिवसांतली ही गोष्ट. आम्ही एका धर्मग्रामात साहाय्यक होतो. पावसाळ्यातील एका रात्री फोन आला, एक आजी अत्यवस्थ आहेत, पवित्र तेल घेऊन या. दिवसभराच्या धावपळीने अंग मोडले होते, बाहेर पाऊस कोसळत होता. आम्ही म्हणालो, "सकाळच्या मिस्सेनंतर लगेच येतो." उजाडण्यापूर्वीच आजी गेल्या.

मुलाने एका शब्दाने दोष दिला नाही. "फादर, तुम्ही दमला असाल," इतकेच म्हणाला. ते अधिक लागले.

आम्ही एका वयोवृद्ध धर्मगुरूंकडे पापनिवेदन केले, पापक्षमा मिळाली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच सांगितले. त्यानंतरही तेच. चौथ्या वेळी त्यांनी आम्हाला थांबवले. "ह्या पापाची क्षमा झाली आहे. आता सांगायचेच असेल, तर क्षमेवर तुझा विश्वास नाही, हे पाप सांग. आणि त्या मुलाला भेटलास का?"

आम्ही भेटलो नव्हतो. देवासमोर चार वेळा गुडघे टेकले होते, पण त्या घराची पायरी चढलो नव्हतो.

त्या रविवारी गेलो. ओट्यावर बसून झाले ते सरळ सांगितले: पाऊस होता हे खरे, पण आम्ही येऊ शकलो असतो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आईने तुमची वाट पाहिली. शेवटी आम्हीच तिच्या उशाशी रोझरी म्हटली." पुढे काही बोलला नाही, पण चहा ठेवायला सांगितला. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आईच्या कबरीवर प्रार्थना करायला त्याने आम्हालाच बोलावले.

आजींच्या आत्म्याची आम्हाला आज चिंता नाही. देवाची दया आमच्या मोटारसायकलवर अवलंबून नव्हती. त्या रात्रीची आठवण मात्र गेलेली नाही. पूर्वी ती आठवण आम्हाला खाली बसवत असे. आता रात्री फोन वाजला, की तीच उठवते.

४. संत इग्नेशियसची झुंज

त्याच वेळी वृद्ध फादरांनी आम्हाला संत इग्नेशियस लोयोलाची आठवण करून दिली. १५२२ साली माँतसेरात येथे इग्नेशियसने तीन दिवस घेऊन आयुष्यभराच्या पापांचे निवेदन केले. तरी पुढे मानरेसा येथे जुनी पापे त्याला छळू लागली. काही सांगायचे राहिले तर नाही ना? तो पुन्हा पुन्हा पापनिवेदन करी. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांग, असे त्याला सांगण्यात आले. पण त्याला सगळेच स्पष्ट वाटे! जीव द्यावा, असेही विचार मनात आले.

अखेर त्याने एक गोष्ट पारखली: हे विचार आपल्याला स्वीकारलेल्या जीवनाचाच वीट आणतात, म्हणजे ते देवाकडून आलेले नाहीत. जुनी पापे पुन्हा सांगायची नाहीत, असे त्याने ठरवले आणि तो मोकळा झाला. खंतीत गुंतून राहिला असता, तर येशूसंघ कोठून उभा राहिला असता, आणि संत फ्रान्सिस झेवियर आपल्याकडे कसे आले असते?

५. आपण काय करावे?

पहिले, चुकीला नाव द्या. 'माझे सगळेच चुकले' हे पापनिवेदन नव्हे. काय केले, कोणाविरुद्ध केले, ते सांगा.

दुसरे, क्षमा मिळाल्यावर ती खरी माना. धर्मगुरू क्षमेचे शब्द उच्चारतो, तेव्हा ख्रिस्तच क्षमा करतो.

तिसरे, भरपाई करा. पापक्षमेने पाप जाते, पण पापाने झालेले नुकसान आपोआप भरून येत नाही, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. १४५९) शिकवतो. घेतलेले परत द्या, कोणाची बदनामी केली असेल तर ती दूर करा. जमिनीच्या वाटणीवरून भावाशी बोलणे तुटले असेल, तर आपणच आधी त्याच्या दारात जा. तो दार उघडील की नाही, हे आपल्या हातात नाही.

चौथे, ती व्यक्ती आज हयात नसेल तर? तिच्यासाठी मिस्सा अर्पण करा, प्रार्थना करा. आणि जे तिला देता आले नाही, ते जिवंत असलेल्या कोणाला तरी द्या. वडिलांजवळ बसायला वेळ मिळाला नाही, तर शेजारच्या एकट्या आजोबांजवळ बसा.

ज्यांना हे ओझे असह्य झाले आहे, झोप उडाली आहे, जगणे नकोसे वाटते, त्यांनी एकटे राहू नये. घरच्यांशी बोला, आमच्याकडे या, डॉक्टरांकडेही जा. त्यात लाज नाही. ज्यांच्या घरातील कोणी आपला जीव घेतला आहे, त्यांनीही आशा सोडू नये. ख्रिस्तसभा अशा आत्म्यांसाठी प्रार्थना करते.

चिंतनासाठी

• क्षमा झालेले कोणते पाप आपण अजून उराशी धरून आहोत?
• देवाजवळ बोललो, पण कोणत्या माणसाकडे जायचे राहिले आहे?
• आपल्या चुकीच्या आठवणीतून आज कोणती सेवा घडू शकेल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, पेत्राला तू विस्तवाजवळ बसवलेस, खाऊ घातलेस आणि कामाला लावलेस. आम्हालाही आमच्या लाजेतून बाहेर काढ. तुझी क्षमा स्वीकारण्याची नम्रता आणि दुखावलेल्याच्या दारी जाण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.